तो एक मेल पुसू का?

प्रिय वकीलताई,
डिचोली तालुक्यात आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. मालक मी एकटाच, उद्यम नोंदणी चार वर्षांपूर्वीच झाली आहे. गेल्या दिवाळीला किनारपट्टीवरच्या एका हॉटेलला भेटीचे डबे पुरवले. बिल ४ लाख ८६ हजार. दर, ऑर्डर, तारखा सगळं ईमेलवर ठरलं, थोडं व्हॉट्सॲपवर. सही-शिक्क्याचा कागद नाही. ही लिहालिही माझा भाचा करायचा, तीही स्वतःच्या जीमेलवरून. तो जानेवारीत बोटीवर नोकरीला लागला. आता हॉटेलात नवा अकाउंट्स मॅनेजर आलाय. तो म्हणतो, सहीची ऑर्डर दाखवा, तोवर बिल अडकलेलं. वर माल हलक्या ग्रेडचा होता म्हणून १ लाख कापणार. ही तक्रार फेब्रुवारीत पहिल्यांदा माझ्या कानावर आली. शिवाय तुमच्या माणसाने १० टक्के सूट कबूल केली होती, तीही वजा. भाच्याला फोनवर विचारलं तर म्हणतो, "होय मामा, लिहिलं होतं मी. दहा टक्के कमी लावतो, पण पैसे महिन्याभरात द्या म्हणून." मला याचा पत्ताच नव्हता. त्याचा पासवर्ड माझ्याकडे आहे. तो एक मेल पुसून बाकीच्यांच्या प्रिंट काढून दिल्या तर चालेल का? आणि जुने मेल किती वर्षं ठेवायचे? जागा भरली म्हणून जीमेल रोज ओरडतोय.
— एक काजूवाला

भाऊ,

पुसू नका. आणि पत्र टाकेपर्यंत हात शिवशिवून पुसला असेलच, तर हे वाचणं इथेच थांबवून जीमेलचा ट्रॅश उघडा. तिथे पुसलेला मेल ३० दिवस राहतो, त्यानंतर कायमचा जातो.

आधी साधा व्यवहार बघू. मेल म्हणजे तुमच्या वहीतलं पान नाही, फाडलं आणि संपलं. भाच्याने तो पाठवला त्याच क्षणी त्याची दुसरी प्रत हॉटेलच्या सर्व्हरवर जाऊन बसली. तुम्ही पुसाल आणि ते काढून दाखवतील. मग त्या एका मेलपुरतं प्रकरण राहत नाही. तुम्ही दिलेल्या बाकीच्या वीस मेलांकडेही समोरचा वकील बोट दाखवणार, "यांनी निवडून आणलेत." सूट ४८ हजार ६०० रुपयांची. तेवढ्यासाठी पावणेपाच लाखांचा पुरावा डागाळून घ्यायचा?

आता कायदा. कोर्टात हजर करायला लागू शकणारा इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज तो हजर होऊ नये म्हणून नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. वाद समोर दिसू लागला की पुसापुशी बंद. भाच्याच्या खात्यात त्याला न विचारता शिरून काही उतरवणं किंवा उडवणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये बसतं, मग तो सख्खा भाचा का असेना. पासवर्ड ठाऊक असणं ही परवानगी होत नाही.

सही-शिक्क्याचं म्हणाल तर तो मॅनेजर आपल्या ऑफिसची रीत सांगतोय, कायदा नव्हे. मालाच्या खरेदी-विक्रीचा करार कागदावर असलाच पाहिजे असं १८७२ चा करार कायदा म्हणत नाही. मागणी, होकार आणि मोबदला दिसला की करार झाला. तो मेलवर झाला म्हणून बाद ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम १० अ घालून स्पष्टच केलेलं आहे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम असा वाद आला होता. बॉक्साइटच्या पाच जहाजांचा सौदा, सगळी बोलणी मेलवर, औपचारिक करारावर सह्या व्हायच्याच राहिलेल्या. न्यायालय म्हणालं, मुख्य अटी मेलांमध्ये ठरल्या आहेत, करार झाला. जहाजभर बॉक्साइटला जे चालतं ते तुमच्या डब्यांना चालेल.

तरीही एक कागद शोधाच. माल उतरवला त्या दिवशी हॉटेलच्या मागच्या गेटवर स्टोअरवाल्याने डिलिव्हरी चलनावर शिक्का मारला असेल, तारीख घातली असेल. ती कार्बन प्रत गाडीच्या डॅशबोर्डमध्ये, टोल आणि पेट्रोलच्या पावत्यांत सापडते, माझा अनुभव आहे. ऑर्डर मेलवर आणि पोच चलनावर, एवढं जुळलं की मॅनेजरचं निम्मं बोलणं संपतं.

सूट मात्र तुम्हाला मानावी लागेल. चार चौघांत तुम्ही भाच्यालाच पुढे केलंत, दर त्याने सांगितले, ऑर्डरी त्याने घेतल्या, तुम्ही माल भरलात. तुमच्या वतीने बोलायचा अधिकार ज्याला आहे असं तुमच्याच वागण्यातून जगाला वाटलं, त्याचा शब्द तुमचा शब्द. करार कायदा हेच सांगतो, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ११ ही अधिकार दिलेल्या माणसाने पाठवलेला मेल मालकाचाच धरतं. "मला पत्ता नव्हता" हे घरात ऐकवायला ठीक आहे. मामा-भाच्याचं भांडण हॉटेलच्या डोक्यावर मारता येत नाही.

पण भाच्याचं वाक्य तुम्ही पत्रात जसंच्या तसं दिलंत म्हणून बरं झालं. त्याकडे परत येते.

ग्रेडच्या तक्रारीत तुमची बाजू तुम्हाला वाटते त्याहून भक्कम आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा एमएसएमईडी कायदा आहे, आणि तुमची उद्यम नोंदणी या ऑर्डरच्या आधीची आहे. मालाबद्दल हरकत असेल तर ती घेणाऱ्याने पोच झाल्यापासून १५ दिवसांत लेखी घ्यायची. नाही घेतली तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरलं जातं. दिवाळीचा माल, तक्रार फेब्रुवारीत, तीही कानावर आलेली. फक्त त्या १५ दिवसांत हॉटेलकडून कुणी व्हॉट्सॲपवर फुटक्या काजूचा फोटो टाकून "हे बघा काय पाठवलंय" असं लिहिलं नव्हतं ना, ते बघा. तेही लेखीच. शेफ लोक रोमी (रोमन लिपीतल्या) कोकणीत दोन शब्द टाकतात आणि आपण अंगठा दाखवून विसरतो. कोर्टात त्याच दोन शब्दांचं भाषांतर लावावं लागतं.

याच कायद्याने पैसे ठरलेल्या मुदतीत द्यायचे असतात, आणि मुदत काहीही ठरवली तरी ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. हे वाक्य मेलमध्ये लिहिलं की अकाउंट्सवाल्यांचा सूर बदलतो. तरीही न बदलल्यास राज्याच्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. हॉटेलच्या ऑर्डरच्या पीडीएफखाली अगदी बारीक अक्षरात "वाद दिल्लीच्या न्यायकक्षेत" असं काहीतरी असतं आणि आपण त्याला "ओके, कन्फर्म्ड" असं उत्तर देऊन मोकळे होतो. तुमच्याही मेलला तसं शेपूट असेल तर घाबरू नका. घेणारा देशात कुठेही असो, पुरवठादार ज्या परिषदेच्या हद्दीत, ती परिषद वाद ऐकू शकते. दिल्लीच्या फेऱ्या वाचतात. पुढच्या वेळी मात्र कन्फर्म करण्याआधी पीडीएफ शेवटपर्यंत वाचा.

आता प्रिंटांचं. इथे थोडं थांबते, कारण इथे मी स्वतः हात पोळून घेतलेत.

म्हापशातल्या एका मंडपवाल्याचं प्रकरण काही वर्षांपूर्वी माझ्याकडे होतं. लग्नाचं मोठं काम, लाखाच्या वर येणं, सगळं मेलवर. गृहस्थ साठेक पानांचं स्पायरल बाइंडिंग घेऊन आले, वर प्लास्टिकचं कव्हर. मी खूश. रात्री नीट बघितलं तर प्रत्येक पानावर पाठवणाऱ्याच्या जागी त्यांचंच नाव, घेणाऱ्याच्या जागी झेरॉक्सवाल्याचं, आणि तारीख कालची. त्यांनी सगळे मेल प्रिंटसाठी दुकानदाराला फॉरवर्ड केले होते. मूळ कुठे आहेत विचारलं तर म्हणाले, "प्रिंट काढल्या ना ताई, मग इनबॉक्स साफ केला." ट्रॅशचेही ३० दिवस उलटून गेलेले. मी पहिल्या भेटीत विचारायला हवं होतं, विचारलं नाही. शेवटी निम्म्या रकमेवर तडजोड झाली.

मूळ मेल तोच, जो मेलबॉक्समध्ये बसलाय. कुणाकडून, कुणाला, किती वाजून किती मिनिटांनी, कोणत्या सर्व्हरवरून, हे सगळं त्याच्या पोटात असतं. जीमेलमध्ये मेलच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर दाबून "शो ओरिजिनल" केलंत तर ते पोट उघडं दिसतं. प्रिंट ही त्याची सावली. ती कोर्टात चालते, पण सोबत प्रमाणपत्र लागतं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५ ब होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. त्याच्या नमुन्याचे दोन भाग आहेत. एक भाग ते उपकरण किंवा खातं ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा जाणकार तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची हॅश लिहायची. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसाच समजा, एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. प्रमाणपत्र ही उपचाराची बाब नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात ठामपणे सांगितलं. ते प्रकरण जालन्याच्या निवडणुकीचं, पण त्यातला नियम तुमच्या काजूलाही लागू.

तुमच्या बाबतीत खातं भाच्याचं, म्हणजे पहिल्या भागावर सही त्याची. तो कुठल्या समुद्रात आहे कोण जाणे. त्याला आज मेसेज करा की एकही मेल पुसू नकोस, हलवू नकोस. बोट बंदराला लागून बरं वायफाय मिळालं की "गूगल टेकआउट"मधून हॉटेलबरोबरच्या मेलांची फाइल त्यानेच उतरवावी. त्यासाठी आधी त्या सगळ्या मेलांना एक लेबल लावलं तर तेवढेच उतरतात, कॉलेजातले जुने मेल तुमच्या वकिलाला वाचावे लागत नाहीत. व्हॉट्सॲपचाही चॅट एक्सपोर्ट करायला सांगा, आणि त्या चॅटवर मेसेज आपोआप गायब व्हायची सोय कुणी लावली नव्हती ना, ते विचारा. दरम्यान तुमच्या सीएला फोन करा. बिलांचे मेल त्यांना सीसी जात असतील तर तेवढ्या प्रती आपल्या हाताशी, डिचोलीतच आहेत.

किती वर्षं ठेवायचं? आपल्या गोव्यात हा प्रश्न विचारावा लागतो याची मला गंमत वाटते. घरोघरी माळ्यावर पत्र्याची पेटी असते. तिच्यात डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेले आल्वाराचे (पोर्तुगीज काळातल्या जमिनीच्या सनदांचे) कागद, पोर्तुगीज शिक्क्याची दस्तं. वाचता कुणालाच येत नाहीत, पण हात लावू देत नाहीत. आणि गेल्या दिवाळीची ऑर्डर मात्र १५ जीबी भरलं म्हणून उडवायची.

जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवायची असतात. कंपनी असती तर हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं. तुमची एकट्याची मालकी आहे, तरी मी ८ चाच आकडा धरायला सांगते, दोन-दोन हिशेब डोक्यात ठेवायला नकोत. कुठे अपील किंवा वाद चालू असेल तर तो संपेपर्यंत, वर्षं मोजायचीच नाहीत. आणि ठेवायचं म्हणजे कसं, तेही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७ मध्ये आहे. पुढे उघडून वाचता आलं पाहिजे, मूळ स्वरूप बदललेलं नसावं, कुठून आलं, कुठे गेलं आणि केव्हा हे त्यात दिसलं पाहिजे. स्क्रीनचा फोटो काढून गॅलरीत टाकला तर यातलं काहीच पुरं होत नाही. जागा कमी पडते तर जागा विकत घ्या, किंवा वर्षअखेरीस पूर्ण मेलबॉक्स हार्डडिस्कवर उतरवा. दोन डिस्क, एक कारखान्यात आणि एक घरी. आपल्या पावसाळ्यात एकीवर भरवसा नको.

एक गोष्ट मात्र खुशाल पुसा, किंबहुना पुसाच. हॉटेलने डबे घरपोच करायला पाहुण्यांची नावं, पत्ते, फोन नंबर यांची यादी दिली असेल तर काम झाल्यावर ती तुमच्या फोनमध्ये पडून राहायचं कारण नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. फक्त या वादात पोच सिद्ध करायला ती यादी लागणार असेल तर वाद मिटेपर्यंत थांबा.

खरी चूक तुमची भाच्यावर विश्वास ठेवण्याची नाही. दुकानाची चावी तुम्ही त्याला दिलीत, ते बरोबरच. पण दफ्तरही त्याच्या घरी ठेवलंत. धंद्याचा मेलबॉक्स धंद्याच्या नावाचा हवा, स्वतःच्या डोमेनवर, आणि त्याचा ॲडमिन तुम्ही. उद्या कोण लागलं, कोण बोटीवर गेलं, पासवर्ड बदलला की काम झालं. वैयक्तिक जीमेल २ वर्षं कुणी उघडलाच नाही तर ते खातं गूगल काढून टाकू शकतं, आतल्या मेलांसकट. भाच्याने तिकडे नवा नंबर, नवं खातं घेतलं आणि हे विसरला, तर तुमच्या चार वर्षांच्या ऑर्डरी त्याच्याबरोबर बुडाल्या. नवा पत्ता केला की बिलावर आणि कोटेशनवर छापा, "व्यवहाराच्या सर्व सूचना याच ईमेलवर." याला कारण आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १३ प्रमाणे ठरवून दिलेल्या पत्त्यावर मेल येऊन पडला की तो मिळाला असं धरतात, तुम्ही उघडो न उघडो. भलत्याच पत्त्यावर पाठवला तर उघडून बघेपर्यंत मिळाला असं होत नाही. "आम्हाला मेल आलाच नाही" हा खेळ दोन्ही बाजूंनी बंद होतो. आणि मेलखाली ते दहा ओळींचं इंग्रजी गोपनीयतेचं शेपूट लावायचा मोह झाला तर लावा, मी अजून त्याच्या जोरावर कुणी जिंकलेलं पाहिलेलं नाही.

जाता जाता, गेल्या महिन्यात एका बाईंनी मला विचारलं होतं, नवऱ्याने व्हॉट्सॲपवर मृत्युपत्र पाठवलंय, चालेल का? नाही चालत. मृत्युपत्राला माहिती तंत्रज्ञान कायदा लागूच नाही. आपल्या गोव्यात त्यासाठी २०१२ चा वारसाहक्क कायदा आणि स्पेशल नोटरी आहेत, तिथे जाऊनच बसावं लागतं. काजूचं गणित घराच्या कागदांना लावू नका.

आता या आठवड्याचं काम. हॉटेलला तुमच्या स्वतःच्या मेलवरून, अकाउंट्स आणि परचेस दोघांनाही, एवढंच पाठवा: अमुक तारखेच्या ईमेल ऑर्डरप्रमाणे अमुक तारखेच्या चलनाने माल पोचला. १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही. बिलाची रक्कम ४,८६,००० रुपये येणे आहे, एमएसएमईडी कायद्याप्रमाणे व्याजासह. कृपया शिल्लक कळवावी. दहा टक्के सवलतीबद्दल यात चकार शब्द काढू नका, नाकारू नका आणि कबूलही करू नका. उत्तरात त्यांनी "पेमेंट प्रोसेसमध्ये आहे" असं लिहिलं तर तो मेल जपून ठेवा. येणं मागायची मुदत ३ वर्षांची असते, आणि ती संपण्याआधी दिलेली लेखी कबुली तिथून नवी ३ वर्षं देते. मेलवरची कबुली न्यायालयांनी धरलेली आहे.

आणि भाच्याचं ते वाक्य. "दहा टक्के कमी लावतो, पण पैसे महिन्याभरात द्या." दिवाळी होऊन किती महिने झाले? पैसे आले? अट पाळली नाही तर सूट कसली मागतात? ज्या मेलची तुम्हाला धास्ती वाटतेय, तोच कदाचित तुमचे ४८ हजार ६०० वाचवणार आहे. फोनवर भाचा "पण" म्हणाला. मेलमध्ये तो "पण" लिहिलाय का, आणि महिना बिलाच्या तारखेपासून धरलाय की पोचेपासून, ते मला मूळ मेलमध्ये बघायचंय. फाइल हाती आली की सगळ्यात आधी तोच दाखवा.